छंदाच्या कामासाठी ड्रेमेल कंपनीचंच घ्यावं, की बिनब्रँडचं रोटरी टूल चालेल?

तुम्ही लिहिलंय की रोटरी टूलने (पुढे लावलेलं ड्रिल किंवा कोरणी, म्हणजे बिट, गरगर फिरवणारं हातातलं छोटं मशीन) करवंटीवर नक्षी कोरायचीय आणि अधूनमधून सर्किट बोर्डाला भोकं पाडायचीत. घोळ इथेच आहे. करवंटीला बिनब्रँडचं मशीन मजेत चालतं, बोर्डाला ते रडवतं.

माझं पहिलं मशीन असंच, नावगाव नसलेलं. पेटीत शंभरेक बिटं. दोन वर्षं त्यावर करवंटीचे दिवे केले, लाकडी नावपाट्या कोरल्या, काही तक्रार नव्हती. मग एकदा बोर्डासाठी १ मिलिमीटरचं कार्बाइड ड्रिल लावलं. पहिल्याच भोकाला टिक! तुटलं. दुसरंही गेलं. वाटलं, आपलाच हात हलतोय. मशीन स्टँडला बांधलं, तरी तेच. शेवटी सगळ्यात कमी वेगावर फिरवून उजेडात टोक पाहिलं, तर एका टोकाची दोन पुसट टोकं दिसत होती. बिट धरणारा कॉलेटच मध्याला नव्हता. कार्बाइड कडक, पण ठिसूळ. ते वाकत नाही, सरळ तुटतं. करवंटी कोरताना बिट जाड असतं, एवढासा हेलकावा हाताला कळतसुद्धा नाही.

त्यामुळे शक्य असेल तर दुकानात जाऊन घ्या आणि खिशात एक बारीक ड्रिल ठेवा. ते लावून मशीन हळू फिरवायला सांगा. टोक एकच दिसलं पाहिजे. मग बंद करून बिट बोटाने आडवं हलवा. खडखडलं तर बेअरिंग ढिलं आहे. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. खोक्यावरचे वॅट मात्र मनावर घेऊ नका. त्यापेक्षा किमान वेग किती ते विचारा, कारण जास्त वेगात अॅक्रिलिक कापलं जात नाही, वितळून बिटालाच चिकटतं.

ड्रेमेल १९३२ पासूनची अमेरिकन कंपनी, १९९३ पासून बॉशकडे आहे. माझ्याकडे आता त्यांचं ४००० मॉडेल आहे. वेग मिनिटाला ५,००० ते ३५,००० फेरे, आणि जोर पडला की वेग सावरणारं सर्किट आत आहे. पण मला पैसे वसूल वाटले ते सरळ धरणाऱ्या कॉलेटमुळे आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजले की बाहेरूनच बदलता येतात म्हणून. जुन्या मशीनचे ब्रश संपले तेव्हा त्या मापाचे कुठेच मिळेनात. दुसरे आणून पॉलिश पेपरवर घासून बसवले.

पेटीतल्या शंभर बिटांपैकी कामाची वीसच. हिऱ्याची बिटं बरी निघतात, पातळ कटिंग डिस्क जरा तिरकी झाली की फुटून उडते. गॉगल हवाच, आणि करवंटीच्या भुकटीसाठी मास्कही. साधं मशीन घेऊन वाचलेल्या पैशात दोन चांगले कार्बाइड बर, म्हणजे कोरायची बिटं, घ्या. दांडी बघून घ्या: ३.२ मिलिमीटर की दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी २.३५. कॉलेट त्याच मापाचा लागतो. सगळी मापं धरणारा छोटा चक मिळतो, सोयीचा आहे, पण कॉलेटइतका सरळ धरत नाही.

बोर्ड महिन्याला दोन-तीनच असतील, तर खुशाल साधं मशीन घ्या आणि भोकांना कार्बाइडऐवजी एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) ड्रिल लावा. बोर्डाच्या फायबरग्लासवर ते लवकर बोथट होतं, पण थोडा हेलकावा सहन करतं. स्वस्तही आहे, एकदम पाच-सहा आणून ठेवा.