आजीचा नारळ 'वाढतो' कसा?

प्रिय ओवी,

दादरला पूजेच्या वेळी आजी "नारळ वाढव गं" म्हणाली आणि तू आणखी एक नारळ आणून ठेवलास. मग फोनवर विचारलंस, "वाढव म्हणजे फोड? हे कसलं मराठी?"

शुभ वस्तूंबद्दल फुटणं, तुटणं, विझणं तोंडी आणायचं नाही, उलटाच शब्द घ्यायचा, अशी आपली रीत. म्हणून मंगळसूत्र तुटत नाही, 'वाढतं'. रात्री दुकान 'वाढवतात', म्हणजे बंद करतात. निघताना आजी 'येते' म्हणते, तेही यातलंच.

बांगडीपाशी जपून बोल. 'बांगड्या फोडल्या' हे नवरा गेलेल्या बाईबद्दल म्हणत, त्यामुळे नळावर आपटून तडकलेली बांगडीसुद्धा 'वाढली'च. काचेचा ग्लास मात्र सरळ फुटतो. नारळाचंही तसंच: देवापुढे वाढवायचा, सोलकढीसाठी बिनधास्त फोडायचा.

इथवर कुणीही सांगेल. खरी गंमत संस्कृतात आहे. वाढ होणं या अर्थाचं 'वाढणे' आलं 'वृध्' धातूवरून. पण पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या जुन्या यादीत, 'वर्ध' असा आणखी एक धातू आहे आणि त्याचा अर्थ दिलाय 'छेदनपूरणयोः', म्हणजे कापणे आणि भरणे, दोन्ही! बाळाची नाळ कापणं ते 'नाभिवर्धन'. लाकूड कापणारा सुतार तो 'वर्धकी', त्याचाच हिंदीत बढई झाला. मग आजीच्या नारळात हे जुनं 'कापणं'ही उरलं असेल का? मला तरी तसं वाटतं. (शेजारच्या गुजराती काकी श्रीफळ 'वधेरतात', कान देऊन ऐक.) दुकानात मात्र कापाकापी नाही, तिथे निव्वळ शुभ बोलणं.

पुढच्या वेळी तूच वाढव. डोळ्यांवरची शेंडी ठेवून बाकीचा काथ्या काढ, नारळ ओला कर आणि बरोबर मधोमध, थोडा थोडा फिरवत दगडावर आपट. एकाच जागी किंवा टोकाला आपटलास तर वेडावाकडा फुटतो. खाली पातेलं ठेव, नाहीतर पाणी जाईल.

आणि हो, 'नारळ देणे' वेगळं. सत्काराला शाल-श्रीफळ देतात, पण पाहुण्याला निरोप देतानाही हातावर नारळच ठेवायची पद्धत. त्यामुळे 'कर्णधाराला नारळ' असा मथळा दिसला तर त्याला काढून टाकलंय. ऑफिसातून आलेला काका "मला नारळ मिळाला" म्हणाला, तर अभिनंदन करू नकोस.

तुझी,
आई