वाचक विचारतात : ‘शेन’नंतरचे जॅक शेफर

प्रश्न : ‘शेन’ सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता. आता मूळ कादंबरी मिळवून वाचली आणि सिनेमापेक्षाही आवडली. पण जॅक शेफर यांचं दुसरं पुस्तक कुणी सुचवत नाही. ते एकाच कादंबरीचे लेखक होते का? आणि अमेरिकेचा पश्चिम भाग न पाहताच त्यांनी ती लिहिली, हे खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पश्चिम भाग न पाहता ‘शेन’ लिहिली, हे खरं आहे. शेफर यांचा जन्म १९०७ सालचा, ओहायोतल्या क्लीव्हलंडचा. ओबर्लिन कॉलेजातून पदवी घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले, पण तिथे चित्रपटांवर प्रबंध लिहू देईनात, म्हणून शिक्षण सोडलं आणि वर्तमानपत्रात शिरले. न्यू हेवन, बाल्टिमोर, नॉरफोक अशा पूर्वेकडच्या शहरांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. दिवसा पत्रकारिता आणि रात्री विरंगुळा म्हणून कथालेखन. त्यातून १९४६ साली ‘आर्गसी’ मासिकात तीन भागांत एक गोष्ट छापून आली, ‘रायडर फ्रॉम नोव्हेअर’. तीच वाढवून १९४९ मध्ये ‘शेन’ झाली. वायोमिंगची ती दरी शेफर यांनी वाचनातून उभी केली होती. अमेरिकेच्या इतिहासाचं त्यांचं वाचन दांडगं होतं.

मला वाटतं, प्रत्यक्ष न पाहिल्याचा या कादंबरीला फायदाच झाला. तिच्यात निसर्गवर्णनाचा सोस नाही. १८८९ चा उन्हाळा, एक शेत, एक कुटुंब, गावातलं एक दुकान आणि दारूचा गुत्ता, एवढ्यात सगळं घडतं. सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर कुंपण घालून राहणारे छोटे शेतकरी एका बाजूला, मोकळ्या कुरणांवर हजारो गुरं चारणारा फ्लेचर दुसऱ्या बाजूला. वायोमिंगमध्ये हा झगडा खरोखरच पेटला होता. १८९२ साली जॉन्सन काउंटीत बड्या गुरंमालकांनी भाडोत्री बंदूकवाले आणले होते.

आपण वाचलीच आहे, तरी एका प्रसंगाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. जो स्टॅरेट या छोट्या शेतकऱ्याच्या अंगणातला तो भलामोठा बुंधा! कुठून तरी आलेला अनोळखी स्वार शेन आणि जो दोघं मिळून तो उखडून काढतात. प्रकरणभर फक्त कुऱ्हाडीचे घाव आणि घाम. एकमेकांशी जवळजवळ बोलणंही नाही, पण संपतं तेव्हा दोघांची मैत्री झालेली असते. बंदूक मात्र शेन घोंगडीत गुंडाळून ठेवतो. ती त्याच्या कमरेला दिसते शेवटाकडे, आणि तोवर आपल्यालाही मनापासून वाटू लागलेलं असतं की ती निघू नये. हे सगळं सांगतो जोचा मुलगा, छोटा बॉब, पण मोठा झाल्यावर आठवून. म्हणून तेव्हा न कळलेलं, आईच्या मनातलंही, वाचकाला कळत जातं. १९५३ च्या सिनेमात शेन झालेला ॲलन लॅड हरणाच्या कातड्याच्या फिकट पोशाखात आहे. पुस्तकातला शेन गडद कपड्यांत येतो आणि जास्त धोकादायक वाटतो. मला तोच खरा वाटतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाबद्दल. शेफर एकाच कादंबरीचे लेखक मुळीच नव्हते, आणि तसं म्हटलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. ‘द कॅन्यन’ (१९५३) मध्ये युद्ध नको म्हणणारा, शायेन या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा एक तरुण आहे. ‘ओल्ड रॅमन’ (१९६०) ही म्हातारा मेंढपाळ आणि एका मुलाची गोष्ट. तिला बालसाहित्यातला न्यूबेरी सन्मान मिळाला. दरम्यान १९५५ साली शेफर न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे कायमचे राहायला गेले, आणि ‘माँटी वॉल्श’ (१९६३) मध्ये पश्चिमेत प्रत्यक्ष राहिल्याचा फरक पानापानावर जाणवतो. घोड्यांचे स्वभाव, कडाक्याच्या थंडीतली राखण, महिनोन्‌महिने बरोबर राहणाऱ्या गुराख्यांच्या थट्टा, सगळं अंगावर येतं. ‘शेन’मध्ये गुराखी म्हणजे फ्लेचरची माणसं. इथे त्याच गुराख्यांच्या बाजूने त्यांचं जग संपताना दिसतं. माँटीचा जिवलग मित्र चेट धंद्यात पडून मोठा होतो, माँटी १९१३ मध्ये मरेपर्यंत गुराखीच राहतो.

त्यानंतर शेफर यांचं मन कथांवरून उडालं. माणसाने या भूमीचं काय केलं हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि प्राण्यांकडे वळले. ‘ॲन अमेरिकन बेस्टिअरी’ (१९७५) त्यातलंच. १९८५ मध्ये ‘वेस्टर्न रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकांच्या संघटनेने ‘शेन’ला सर्वश्रेष्ठ वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागावरची, कादंबरी ठरवलं. शेफर १९९१ साली सांता फेमध्ये वारले.

प्रश्न : शाळकरी मुलाला यातलं काय द्यावं?
– त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : ‘ओल्ड रॅमन’. छोटी आहे, गोळीबार नाही, मेंढ्या आणि कुत्रे भरपूर आहेत. ‘माँटी वॉल्श’ जाडजूड आहे, ती आपण स्वतः घ्या. सुटे सुटे प्रसंग आहेत, रोज एखादा वाचला तरी चालेल.