वाचकांचे प्रश्न : धावफलकावर न दिसणारा खेळाडू

प्रश्न : माझा भाचा नेब्रास्का विद्यापीठात, लिंकन येथे अभियांत्रिकी शिकतो. तेथे एन्डॅमुकन सू या जुन्या अमेरिकन फुटबॉलपटूचे नाव अजूनही आदराने घेतले जाते, असे तो सांगतो. हा खेळाडू बचावाच्या पहिल्या फळीत खेळत असे, म्हणजे चेंडू फेकणे, झेलणे किंवा घेऊन पळणे हे त्याचे कामच नव्हते. मग त्याचे मोठेपण मोजायचे तरी कशावरून? शिवाय चार वर्षांच्या पदवीसाठी तो पाच हंगाम कसा खेळला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसरा प्रश्न सोपा असल्याने तो आधी घेतो. महाविद्यालयीन खेळाडूला तेव्हा पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत असत. सू 2005 मध्ये दोन सामने खेळून गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला, त्यामुळे ते वर्ष त्याच्या चार हंगामांत धरले गेले नाही आणि त्याची कारकीर्द 2009 पर्यंत लांबली.

पहिल्या प्रश्नात मात्र या खेळाचे मर्म आहे. आपल्याकडे कबड्डीत पकड झाली की गुण लगेच फलकावर चढतो; अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावपटूने क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या व चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, चेंडू हातात असतानाच लोळवले, तर सहसा गुण मिळत नाही, प्रतिपक्षाची एक संधी वाया जाते आणि चेंडू काही यार्ड मागे जातो. याला 'सॅक' म्हणतात, आणि दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक लागतो. सूसारख्या मधल्या जागेवरच्या खेळाडूला बहुधा दोन धिप्पाड प्रतिस्पर्धी एकाच वेळी थोपवतात. त्यांना तो अंगावर घेतो म्हणूनच त्याचे सहकारी मोकळे सुटतात, आणि हे काम कोणत्याच आकड्यात धड उतरत नाही.

2007 मध्ये नेब्रास्काने पाच सामने जिंकून सात गमावले व प्रशिक्षक बदलले. नवे प्रशिक्षक बो पेलिनी यांच्या हाताखाली सूचा खेळ खऱ्या अर्थाने बहरला. 2008 मध्ये संघात सर्वाधिक, म्हणजे 76 टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणे) त्याच्या नावावर होते, जे आतल्या फळीतील खेळाडूच्या बाबतीत क्वचितच घडते. त्याच हंगामात त्याने प्रतिपक्षाचे दोन पास मध्येच पकडून थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गोलपट्ट्यात, नेले. तेव्हाच व्यावसायिक लीगची वाट धरणे त्याला शक्य होते, पण तो शेवटच्या वर्षासाठी परतला आणि हा निर्णय किती योग्य होता ते पुढच्या डिसेंबरात दिसले.

5 डिसेंबर 2009 रोजी आर्लिंग्टन येथे बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठ संघांच्या गटाच्या अंतिम सामन्यात त्याने टेक्सासविरुद्ध साडेचार सॅक नोंदवले. टेक्सासचा नावाजलेला क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय त्या रात्री सतत जीव मुठीत धरून खेळत होता. नेब्रास्काचे सगळे 12 गुण चार फील्ड गोलचे (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे प्रत्येकी तीन गुण) होते, म्हणजे आक्रमणाला एकही टचडाउन जमले नव्हते, तरीही शेवटच्या दोन मिनिटांत संघाने 12–10 अशी आघाडी घेतली ती बचावाच्या बळावर. घड्याळ शून्यावर आल्यावर पंचांनी फेरतपासणी करून एक सेकंद परत दिला, टेक्सासने 46 यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि सामना 13–12 असा निसटला. लिंकनमध्ये त्या एका सेकंदाचा विषय न काढलेलाच बरा!

त्या हंगामात आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की आणि बेडनारिक हे फळीतील व बचावातील खेळाडूंसाठीचे चारही पुरस्कार सूला मिळाले, आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान मिळवणारा तो पहिला बचावपटू ठरला. महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वात मानाचा वैयक्तिक पुरस्कार असलेल्या हाइझमन चषकाच्या मतदानात मात्र तो चौथा आला. पराभूत संघातील खेळाडूचा आपल्या मते हा पुरेसा गौरव आहे का, हे आपणच ठरवावे. आमच्या मते तो थोडा कमीच पडला.

2010 मध्ये व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत डेट्रॉइट लायन्स या संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. बांधकाम व्यवस्थापनाची पदवी त्याने तोपर्यंत घेतली होती, आणि त्याच वर्षी विद्यापीठाला 26 लाख डॉलर देण्याचे जाहीर करताना त्यातील सहा लाख अभियांत्रिकी महाविद्यालयातील शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवले. आपल्या भाच्याच्या वर्गात हे नाव निघते, त्यामागे कदाचित हेही एक कारण असावे.