फाटक्या पोस्टरांचे फोटो

प्रश्न : भिंतींवरची जुनी, फाटकी पोस्टरं मी मोबाईलवर टिपते. घरचे म्हणतात, कचऱ्याचे कसले फोटो? शिवाय ते सपाट येतात. काय करू? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, काढत राहा. बाबूराव पेंटरांनी आपल्या मूकपटांची पोस्टरं रंगवली ती याच गावात. आणि अमेरिकेत वॉकर इव्हान्स या फोटोग्राफरनं १९३१ साली टिपलेलं फाटकं सिनेपोस्टर आज संग्रहालयात आहे. घरी हे जरूर सांगा.

ऊन समोरून पडलं की फोटो सपाट येतो. भिंतीला घासून जाणारं तिरपं ऊन गाठा, म्हणजे सुटलेल्या कागदाच्या कडांची सावली पडते. पावसाळ्यानंतर तर बघाच! खळ सुटते आणि थर उघडे पडतात : वर कुस्ती मैदानाच्या जाहिरातीतला पैलवानाचा खांदा, खाली नाटकाच्या तिकिटाचा दर, त्याखाली क्लासची अर्धी ओळ. छपाईतला पिवळा आणि लाल उन्हानं आधी उडतो, म्हणून जुने चेहरे निळसर दिसतात. तो रंग फिल्टर लावून बदलू नका, मला तो फार मोलाचा वाटतो. कागद हातानं ओढूही नका. फोटोखाली गल्ली आणि तारीख मात्र लिहा.