माकड, कुलूप आणि रविवार

प्रश्न : माथेरानला आमच्या पॉइंटवर दोन खांबांत टांगलेले झुलते डबे आहेत. माकडं रोज ते उलटे करतात. समितीत आता कडी-कुलपाचे स्टीलचे डबे घ्यायचं चाललंय. घ्यावेत का?
– एक वाचक, माथेरान

उत्तर : घेऊ नका. हा धडा मी सरकारी पैशाने शिकलोय, तुम्ही फुकट शिका.

उद्यान अधीक्षक असताना टेकडीवरच्या एका बागेत मीही झुलते डबे बसवले होते. माकड काठावर बसलं की डबा आपोआप पालथा! माळी म्हणायचे, साहेबांनी माकडांना पाळणे टांगले. मग आम्ही झाकणं आणि कड्या लावल्या. तिसऱ्या दिवशी एका माकडिणीने कडी काढली, आठवड्यात सगळ्या टोळीला ती जमायला लागली. माणसांना मात्र जमेना. वडापावचा कागद हातात घेऊन कोण कडीशी झटापट करणार? पिशव्या डब्याच्या बाजूलाच पडू लागल्या.

अमेरिकेत यलोस्टोनकडे अस्वलांसाठी डबे करतात. त्यांची कडी एका खोबणीत लपवलेली असते. माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. नवे डबे तिथे पिंजऱ्यातल्या खऱ्या अस्वलांपुढे टाकतात आणि 60 मिनिटं झोंबूनही फुटले नाहीत तरच पास करतात. परीक्षा झकास, पण ती खोबण आपल्या उपयोगाची नाही. माकडाचा हात आपल्याहून बारीक. जिथे आपली बोटं जातील तिथे त्याची आधी जातील.

म्हणून कडी नकोच, सरकता खण करा. हँडल खाली ओढलं की खण पुढे येतो, कचरा टाकून सोडला की मागे जाऊन आत रिकामा होतो. खण उघडा असताना त्याचीच पाठ आतली बादली झाकते. माकडाने ओढला तरी त्याच्या हाती रिकामा खण. बंद होण्यासाठी स्प्रिंग लावू देऊ नका, तुमच्या पावसात ती दोन हंगामही टिकायची नाही. मागे वजन लावा. खण कागदी ताटली मोडून जाईल एवढा रुंद हवा. अरुंद केलात तर ताटली अडकते, खण उघडा राहतो आणि सगळी मेहनत वाया.

पत्रा 2 मिलिमीटरचा, लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला. स्टेनलेस स्टील दिसायला छान, पण भंगारवाल्यालाही ते छानच दिसतं. तळाला पाणी जायला भोकं, त्यांना आतून जाळी, नाहीतर उंदीर वर येतात. डबा सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने आवळा. मागचं दार सफाईवाल्याच्या चावीने उघडावं. आतली बादली 60 लिटरपेक्षा मोठी नको. तुमच्याकडे मोटारी नाहीत, कचरा हातगाडीने न्यावा लागतो; 120 लिटरची तुडुंब ओली बादली एकट्या माणसाने उचलून दाखवावी!

आता खरी गोम. रविवारी दुपारी दोनला डबा भरतो, मक्याची कणसं खणाबाहेर डोकावतात. त्या क्षणी तुमचा डबा आणि उघडी टोपली यांत फरक उरत नाही. शनिवार-रविवारी दुपारी एकदा आणि अंधार पडण्याआधी एकदा डबे रिकामे व्हायलाच हवेत. रात्री राहिलेल्या खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे कोण येतं ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्यांना विचारा. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. समितीने डब्यांसाठी पैसे मंजूर केले असतील. रविवारच्या जादा माणसाचे केलेत का, ते आधी बघा.

सगळे डबे एकदम करू नका. एकच नमुना करून घ्या आणि जिथे माकडं सर्वांत आगाऊ आहेत तिथे शनिवारी सकाळी बसवा. आत थोडे शेंगदाणे टाका आणि लांब बसून बघा. सोमवारपर्यंत टिकला, तर बाकीची ऑर्डर द्या.