मेंढ्या धष्टपुष्ट आहेत, वर्षभर खुराक चालू आहे, तरी बऱ्याच एकेकच कोकरू देतात आणि काही रिकाम्या राहतात. नर सोडण्याआधी खुराक अजून वाढवू का?

सरसकट वाढवू नका. आधी एकेकीच्या कंबरेवर हात ठेवून बघा, कारण 'धष्टपुष्ट' हे तुम्ही लोकर बघून म्हणताय.

शेवटच्या बरगडीच्या मागे बोटं दाबायची. मणक्याची टोकं करवतीसारखी टोचली तर ती खंगलेली. टोकं गोलसर लागली, जरा दाबल्यावर हाताला आली, तर उत्तम. दाबूनही हाड सापडत नसेल तर नुसती चरबी. याला 1 ते 5 असे गुण देतात, 1 म्हणजे खंगलेली, 5 म्हणजे नुसती चरबी. नर सोडताना मेंढी 3 ते 3.5 वर असावी.

खुराक वाढवल्याचा खरा फायदा मध्यम किंवा थोड्या उतरलेल्या मेंढीला होतो. नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज 250-300 ग्रॅम धान्याचा भरडा द्या (हळूहळू वाढवत, नाहीतर पोट बिघडतं) किंवा राखून ठेवलेल्या हिरव्या कुरणात सोडा. रक्तातली साखर आणि इन्सुलिन वाढलं की बीजांडकोशावर परिणाम होतो आणि एकाच्या जागी दोन बीजं सुटण्याची शक्यता वाढते. तुमच्याकडे बाराही महिने तोच खुराक, म्हणजे शरीराला 'वाढला' असं कधी कळतच नाही. चरबी चढलेलीला आणखी खाऊ घालणं म्हणजे पैसे वाया.

मी हे धडपडून शिकलो. एका वर्षी सगळ्यांना एकाच गव्हाणीत भरडा टाकला. दांडग्या पुढे घुसल्या, ज्यांना गरज होती त्या मागे उभ्या. जुळी फारशी वाढली नाहीतच, वर जाड होत्या त्या आणखी जाड झाल्या. तेव्हापासून हात लावून दोन गट करतो. जाड मेंढ्या उतरवायच्या त्या कोकरांचं दूध तुटल्यावर, सावकाश. नर सोडायच्या तोंडावर उपाशी ठेवून नाही.

नर लागल्यावर खुराक एकदम तोडू नका, हे बरेच जण विसरतात. गर्भ चिकटायला साधारण पंधराव्या दिवसानंतर सुरुवात होते. पहिला महिना जपायचा. या काळात उपासमार झाली तर गर्भ जातो, आणि अति खाऊ घातलं तरी प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) घटून गर्भ जाऊ शकतो. मेंढी 17 दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, परत माजावर येते आणि बोल लागतो नराला.

चाऱ्यात लाल क्लोव्हर (घासासारखं तीन पानांचं चारापीक) असेल तर या दिवसांत तिथून हलवा. काही क्लोव्हरमध्ये इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखी द्रव्यं असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940च्या दशकात अशाच चराईने कळपच्या कळप वांझ राहिले होते. आणि गाईंचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यातलं तांबं त्यांना विषारी ठरतं.

गाभणपणाचे साधारण 147 दिवस. शेवटच्या सहा आठवड्यांत कोकरू झपाट्याने वाढतं, तेव्हा मात्र हात आखडू नका. पोटात जुळी असलेली जाड मेंढी याच काळात खाणं टाकते, अंगातली चरबी वितळते आणि ती आडवी पडते.

नराचं खाणंही बघा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणजे त्याचा खुराक दोन महिने आधी सुधारायला हवा.