‘छाटणी झाल्यावर बघू’

प्रश्न: माझे मालक ४७ वर्षांचे आहेत. तासगाव भागात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. दोन हंगाम पावसाने नेले, सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज थकलं. वर्षभरात माणूस पार बदललाय. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात, पोरांवर वसकन ओरडतात, कट्ट्यावर जाणं बंद केलंय, संध्याकाळी क्वार्टर ठरलेली. बीपीची गोळी स्वतःच्या मनानेच सोडली. बागेतला चढ चढून आले की छाती चोळतात आणि ॲसिडिटीची गोळी घेतात. डॉक्टरचं नाव काढलं की ‘छाटणी झाल्यावर बघू’. मनाच्या डॉक्टरचं काढलं, तर ‘मला काय येरवड्याला धाडायचंय?’ परवा जेवता जेवता म्हणाले, ‘मी नसलो की सुटाल सगळे.’ दोन वर्षं आम्ही वेगळे झोपतो, तेही कुणाला सांगता येत नाही. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई,

आधी ते जेवतानाचं वाक्य घेऊ, बाकीचं दोन दिवस थांबू शकतं. ‘वैतागून बोलले असतील’ असं घरात कुणीतरी म्हणालंच असेल. असतीलही. पण पैज लावायची ही जागा नव्हे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात दर दहांमागे सात पुरुष होते. आज रात्री पोरं झोपली की त्यांच्या शेजारी बसा आणि आवाज न चढवता सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारलं तर नसतं ते डोक्यात शिरेल, ही भीती सगळ्यांनाच वाटते. तसं होत नाही. उलट बरेचदा माणूस पहिल्यांदा मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तर त्यांना एकटं सोडू नका. घरातल्या जाणत्या माणसाला बोलावून घ्या आणि सकाळ झाली की सांगली सिव्हिल गाठा. रात्री काही सुचेना झालं तर १४४१६ लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधं आजच्या आज घराबाहेर काढा. द्राक्षवाल्यांच्या घरात ती जिन्याखाली, पडवीत, कुठंही पडलेली असतात. दिराच्या किंवा शेजाऱ्याच्या शेडमध्ये कुलपात ठेवा, किल्ली दिराकडे किंवा शेजाऱ्याकडेच राहू द्या, फवारणीला लागेल तेवढंच त्या दिवशी आणा. ‘पोरं हात लावतात’ एवढं कारण पुरे. असा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि काही वेळाने ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसलं, तर माणूस वाचतो.

आता छाती. चढावर दाटून येतं आणि बसलं की थांबतं, याला हृदय तपासल्याशिवाय ॲसिडिटी म्हणू नये. त्यात बीपीची गोळी सोडलेली. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणारे घरोघरी आहेत. गोळी चालू असते म्हणूनच बरं वाटत असतं, हे त्यांना कोण सांगणार? डॉक्टरांना ‘छातीत जळजळ’ एवढंच सांगू नका, ‘चालताना, चढावर होतं’ हे आवर्जून सांगा, कारण पडून काढलेला ईसीजी कधी कधी साफ येतो आणि पुढच्या तपासण्या राहून जातात. बसल्या जागी दुखू लागलं, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर मोटरसायकलवर न्यायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा.

खरं तर ही छातीच तुम्हाला उपयोगी पडणार आहे. येरवड्याच्या नावाने बिथरणारा माणूस ‘मिरजेला दाखवून येऊ’ म्हटलं की फारसा बिथरत नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तुमच्या जिल्ह्यात तिथं जाऊन आल्याचं कुणाला काही वाटत नाही. तेव्हा मनाच्या डॉक्टरचा विषय घरी काढूच नका. बीपी आणि छातीसाठी म्हणून न्या. मात्र दारात थांबू नका, आत जाऊन बसा. पुरुष मंडळी डॉक्टरसमोर बसली की ‘बाकी सगळं ठीक’ म्हणतात आणि दोन मिनिटांत बाहेर येतात. तुम्ही एका कागदावर लिहून न्या: झोप किती, पहाटे कितीला जाग, दारू किती, चिडचिड कधीपासून, जेवताना काय म्हणाले. तोंडाने बोलायला जीभ रेटत नसेल तर कागद नुसता पुढे सरकवा. नैराश्य पुरुषांत पुष्कळदा रडण्याऐवजी रागातून, दारूतून, अंगदुखीतून दिसतं. चांगला फिजिशियन तो कागद वाचून स्वतःच मानसोपचाराकडे पाठवेल. डॉक्टरने सांगितलं की ती तपासणी होते, बायकोने सांगितलं की कटकट. चीड येते खरी, पण काम होतंय ना?

त्यांना तयार कोण करणार? तुम्ही नको, तुमचं सांगून झालंय. गावात कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असेल, एखादा डॉक्टरकडे जाऊन सावरलेला असेल, अशा त्यांच्या वयाच्या माणसाला बागेत पाठवा. बागेतच, कारण हातात कात्री असली की माणूस बोलतो. त्या मित्राने एवढंच विचारावं: पानावर डावणीचा, त्या बुरशीच्या रोगाचा, एक ठिपका दिसला तर छाटणी होईपर्यंत थांबतोस का? ‘छाटणी झाल्यावर’ला अंत नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू. छाटणीनंतर डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, मग थिनिंग, म्हणजे मणी विरळ करणं, मग माल जाईपर्यंत व्यापाऱ्याचा घोर.

‘गावात कळेल’ हा अडसर पुढे येईलच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागेल, असंही कुणीतरी सांगेल. त्या नशेच्या गोळ्या नव्हेत. फक्त गुण यायला काही आठवडे जातात आणि त्या मनाने सोडायच्या नसतात. दारूचं वेगळं. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर हातपाय थरथरतात, कधी फिट येते. शपथ घालू नका, किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा.

वेगळं झोपण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. तेवढी लिहायलाही धीर लागतो. अडचण ताठरपणाची असेल तर बीपी, शुगर, दारू, नैराश्य, सगळ्यांचा त्याच्याशी संबंध असतो आणि कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या दुखण्याची ती आधीची खूण असते. म्हणून हीसुद्धा ओळ त्या कागदावर हवी. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती आणि मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळ्या यांच्या नादी त्यांना लागू देऊ नका. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची गोळी देतात, तिच्यासोबत या गोळ्या पोटात गेल्या तर बीपी धाडकन खाली येऊन जीवावर बेततं.

कर्जाचं दुखणं गोळीने जाणार नाही, ते मला कळतं. पण बँकेत पुनर्गठनाचा अर्ज घेऊन जायला झोप झालेला, डोकं थाऱ्यावर असलेला माणूस लागतो. तोवर हिशेबाची वही थोरल्या दिरांसोबत बसून तुम्हीच उघडा. आकडा एकट्याच्या डोक्यात राहिला की फुगतो.

तुमचं काय चुकतंय? दोन वर्षं एकटीने ओढलंत, एवढंच. १४४१६ तुमच्यासाठीही आहे, ‘माझ्या घरात असं चाललंय’ म्हणून लावता येतो. आणि मिरजेला जाल तेव्हा दोन केसपेपर काढा. तुमचं बीपी शेवटचं कधी पाहिलं, ते पत्रात कुठंच नाही.